न उमटलेली पिवळी रेघ

मित्रांनो, परतवाड्याच्या अलीकडे एका संत्र्याच्या बागेत मोटारपंपाची खोली आहे. तिथे लाकडी खोक्यावर, खाली गोणपाट अंथरून, एक काळा लॅपटॉप बसलेला असतो. तो मी. वय नऊ वर्षं, आणि आम्हा लॅपटॉपांत नऊ म्हणजे नव्वदच समजा. माझी उजवी बिजागरी सैल झाली आहे, म्हणून पाठीला विटेचा आधार दिला आहे. कीबोर्डावरचं एक बटण तर पार गुळगुळीत झालं आहे, कारण वर्षाली दर दोन मिनिटांनी ते दाबून आपलं काम जतन करायची. बॅटरीने कधीच मान टाकली. रोज सकाळी एक म्हातारा माणूस खांद्यावरच्या दुपट्ट्याने मला पुसतो. त्या वेळी मला माझ्या म्हातारपणाची लाज वाटत नाही, दुसऱ्याच एका गोष्टीची वाटते. तीच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो थर्मोकोलचा वास, आणि मग अमरावतीच्या एका दुकानाची काच. त्या काचेमागे मी दीड महिना उभा होतो. येणारे-जाणारे माझ्यात बघून केस सारखे करायचे आणि निघून जायचे. एके दिवशी किशोरभाऊ आले. त्यांचा भाजीबाजारात फुलांचा आणि भाजीचा धंदा. त्यांनी मला उचललं तेव्हा त्यांच्या हातांना शेवंतीचा वास येत होता.

“लय जड तं नाही ना हे?” त्यांनी दुकानदाराला विचारलं. “पोरीले रोज कॉलेजात न्या लागन.”

ती पोरगी म्हणजे वर्षाली. पहिल्या दिवशी तिने माझ्यावर कुंकवाचं बोट लावलं. तो डाग कोपऱ्यात अजून आहे. ती माझ्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकली. रात्रंदिवस टकटक. चुकली की कपाळावर हात मारायची, जमलं की माझ्या पाठीवर थाप. मला ती थाप फार आवडायची.

प्रोग्रॅम जिथे लिहितात त्या जागेला एडिटर म्हणतात. वही समजा. पण साधी वही तुमची चूक सांगत नाही. वर्षालीच्या या वहीला मात्र सांगून ठेवता येत होतं, की मी काही लिहून जतन केलं की लगेच जाऊन कंपायलरला दाखव. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा. तो मोठा काटेकोर असतो, उतरवताना चूक दिसली की अडून बसतो. त्याने चूक आहे म्हटलं, की मी त्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघ मारायची. त्याला नुसती शंका आली तर पिवळी. मी हे काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करत असे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. वर्षाली मैत्रिणींना म्हणायची, “माझा लॅपटॉप मले चुकूच देत नाही.” मी फुगून जायचो.

शिक्षण संपल्यावर तिने कुंदन नावाच्या वर्गमित्राबरोबर एक उद्योग सुरू केला. राहत्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दोघं मिळून एक डबी बनवायचे. ही डबी बागेतल्या ठिबकच्या नळीवर बसवायची. आत एक छोटी चिप. कधी पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, ते ती चिप ठरवणार आणि त्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडणार, मिटणार. कुंदन डाग देऊन तारा जोडायचा, वर्षाली माझ्यावर चिपचा प्रोग्रॅम लिहायची.

इथे माझ्या अपराधाची सुरुवात होते, म्हणून जरा लक्ष द्या.

आता माझ्या पोटात दोन कंपायलर झाले. एक माझा स्वतःचा, माझ्यापुरता. दुसरा कुंदनने आणून ठेवलेला, डबीतल्या चिपपुरता. दोघांचं माप वेगळं. साधा आकडा धरला तर मी दोनशे कोटींच्या वर मोजत जातो. ती चिमुकली चिप बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत मोजते, आणि त्यापुढचा आकडा आला की गरकन उलटून उण्यात जाते. त्यात तिचा दोष नाही. तिचा जीवच तेवढा.

एडिटरच्या सेटिंगमध्ये एक जागा असते. तिथे लिहायचं, तपासताना कुठल्या कंपायलरला विचारायचं ते. वर्षालीने ती जागा रिकामीच ठेवली. रिकामी असली की एडिटर जो पहिला सापडेल त्याला विचारतो, आणि पहिला होता माझा. त्याला बिचाऱ्याला डबीचं काहीच ठाऊक नाही. त्याने पहिल्याच दिवशी बोंब मारली, की ही फाइल सापडत नाही, हा शब्द मी ऐकलेला नाही. अर्धं पान लाल झालं.

कुंदन वाकून बघत म्हणाला, “बंद करून टाक ना थे लाल-पिवळं. डोकं दुखून राहिलं पाहून पाहून.”

“बंद नाही करत,” वर्षाली म्हणाली. “मी त्याले समजावून सांगतो.”

समजावलं म्हणजे काय केलं? तिने एक खोटी फाइल तयार केली. जे जे शब्द माझ्या कंपायलरला अनोळखी होते, ते सगळे त्यात लिहून टाकले आणि त्याला सांगितलं, हे तुझ्या ओळखीचे आहेत असं समज. त्याने समजून घेतलं. लाल रेघा एकेक करून मावळल्या आणि पान स्वच्छ झालं. वर्षालीला वाटलं, सेटिंग झाली. मलाही तसंच वाटलं. चुकीच्या माणसाचं तोंड बंद केलं होतं, बरोबर माणसाला विचारलंच नव्हतं. पण स्वच्छ पान बघून कोण एवढा विचार करतो?

पहिली डबी बसली ती याच बागेत. बाग वर्षालीच्या सख्ख्या मामांची, खुशालरावांची. तीनशे झाडं, खाली काळीभोर भारी जमीन. खुशालराव बोलायला तिखट, पण भाचीवर जीव. आणि त्यांच्या शेतावर एकतीस वर्षांपासून सालदार होता देवमन. सालदार म्हणजे पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या घरचा होऊन राबतो. देवमन एकतीस पाडवे याच घरी ठरला होता. बागेला पाणी देणं हे त्याचं खास काम. कुठल्या झाडाला किती तहान आहे, ते त्याला पान चुरगाळून कळायचं.

डबी बसवली तेव्हा तो कमरेवर हात ठेवून बघत होता. “हे माह्यं काम करन म्हंता?”

“तुमचं नाही, मामा,” वर्षाली म्हणाली. मामाच्या गावचा म्हणून ती त्यालाही मामाच म्हणायची. “तुमाले नुसतं रात्री-बेरात्री उठा लागणार नाही.”

“बरं हाय मंग,” तो हसला. “म्हातारीले आनंद होईन.” म्हातारी म्हणजे त्याची बायको, सत्यभामा.

आता बागेतली एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, हवा असेल तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडून गळतात. पुरता ताण बसला की मगच पाणी सोडायचं, तेव्हा ते फुलांनी लदबदतं. मध्येच पाणी मिळालं तर ताण मोडतो आणि झाड फुलांऐवजी नुसती कोवळी पालवी काढतं. तिला इकडे नवती म्हणतात. ती दिसायला छान असते, पण त्या बहाराची फळं गेली म्हणून समजावं.

त्या साली वीस दिवसांचा ताण ठरला. वर्षालीने प्रोग्रॅममध्ये ताणाची मिनिटं लिहिली. वीस गुणिले चोवीस गुणिले साठ. अठ्ठावीस हजार आठशे. चिपच्या मापात बसणारा आकडा. सतरा दिवस सगळं सुरळीत चाललं. अठराव्या दिवशी खुशालरावांचा फोन आला.

“वर्षा, पानं अजून हिरवीच हायेत. देवमन म्हंते, भारी जमिनीले वीस दिवसांत काई होत नाही. चाळीस कर.”

वर्षाली घाईत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला मोठं कृषी प्रदर्शन सुरू होणार होतं. तिथे त्यांच्या डबीला एक टेबल मिळालं होतं. पत्रकं छापून यायची होती. तरी ती मला पिशवीत घालून दुपारच्या एसटीने निघाली आणि परतवाड्याहून जीपने बागेत पोचली. संध्याकाळ होत आली होती. तिने मला बांधावर ठेवलं, वीसचे चाळीस केले, ते गुळगुळीत बटण दाबलं.

चाळीस गुणिले चोवीस गुणिले साठ. सत्तावन्न हजार सहाशे.

मी माझ्या कंपायलरला विचारलं. त्याच्या मापात हा आकडा चिल्लर. त्याने मान डोलावली आणि मी पान स्वच्छ ठेवलं. मग वर्षालीने केबल लावून तो प्रोग्रॅम डबीत पाठवला. पाठवताना मात्र चिपच्या कंपायलरचं काम असतं. त्याला ते लगेच दिसलं. त्याने सांगितलं, हा आकडा मावत नाही, उलटतो आहे. पाठवताना पडद्यावर खाली एक काळी खिडकी उघडते, तीत मी ते लिहिलंसुद्धा. पण त्या खिडकीत इतर शंभर ओळी भराभर वर सरकत असतात, त्या कुणी वाचत नाही. सगळ्यात शेवटी “पूर्ण झालं” असं आलं, आणि वर्षालीने माझं झाकण मिटलं.

मित्रांनो, मला ती ओळ माहीत होती. तिच्याखाली मी पिवळी रेघ मारली नाही, कारण रेघ कुणाला विचारून मारायची ते मला वेगळं सांगितलेलं होतं. सांगितलं तेवढंच केलं, असं म्हणून मी सुटू पाहतो. मला काही सुटता येत नाही.

डबीने सत्तावन्न हजारांचं उणे केलं. उणे मिनिटं म्हणजे ताण कधीचाच संपला, असा तिने हिशेब लावला आणि बागेकडचा व्हॉल्व्ह उघडला. त्या वेळी लाइन, म्हणजे वीज, नव्हती, मोटार बंद होती, म्हणून कुणाला काही कळलं नाही. त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची होती. शेजारच्या हरभऱ्याला पाणी जावं म्हणून देवमनने नेहमीप्रमाणे मोटार ऑटोवर टाकली आणि घरी गेला. लाइन आली, मोटार आपोआप सुरू झाली, आणि सकाळपर्यंत हरभऱ्याबरोबर तीनशे झाडांच्या बुडाशीही थेंब थेंब पाणी पडत राहिलं.

सकाळी देवमन आला आणि ओल्या मातीत पाय रुतला तेव्हा थबकला. धावत नळीपाशी गेला. तिथे डबीचा व्हॉल्व्ह हातानेही उघडता-मिटता येईल असा एक कॉक होता, त्याला झोंबला आणि पाणी बंद करू लागला. नेमके त्याच वेळी खुशालराव आले. त्यांना दिसली ओली बाग, आणि बागेच्या कॉकवर देवमनचा हात.

आम्ही तेव्हा अकोल्यात होतो. मी टेबलावर झगमगत होतो. तेल्हाऱ्याचे कापूसवाले शेतकरी माझ्याभोवती गोळा झाले होते. वर्षाली त्यांना समजावून सांगत होती आणि कुंदन मागे उभा राहून हसत होता. एक पागोटेवाले आजोबा म्हणाले, “पोरीनं नाव काढलं बाप्पा.” इतकी माणसं माझ्याकडे कौतुकाने बघताहेत, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

खुशालराव इतक्या मोठ्याने बोलत होते की मला सगळं ऐकू आलं. ताण मोडला होता. देवमन म्हणत होता, मी फक्त हरभऱ्याचा कॉक उघडला. खुशालराव म्हणत होते, मग पाणी काय आभाळातून पडलं?

“वर्षा, तुह्या डबीनं तं नाही ना केलं हे? खरं सांग.”

वर्षालीचा चेहरा उतरला. तिने मला ओढून घेतलं आणि प्रोग्रॅम उघडला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेली. चाळीसच्या ओळीवर तिचं बोट थांबलं, मी सांगतो, खरंच थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय करायला हवं होतं? एक रेघ. बोटभर पिवळी रेघ. पण माझं पान धुतल्या तांदळासारखं स्वच्छ होतं.

“मामा, प्रोग्रॅम साफ हाये,” ती म्हणाली. “मी आत्ता तपासला. एकही चूक नाही.”

फोनच्या पलीकडून खुशालरावांचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. “ऐकलं का देवमन? मशीन काय खोटं बोलते?”

आणि त्याच्यामागून अगदी बारीक आवाजात देवमन म्हणाला, “मंग मीच फिरवला असन, मालक. ध्यानात नाही राह्यलं.”

ते वाक्य मी अजून विसरलो नाही. माझ्या स्मरणातल्या हजारो फाइली पुसल्या गेल्या, हे वाक्य गेलं नाही.

ताण मोडल्यावर पाणी देत राहावंच लागतं, म्हणून पुढे डबीने व्हॉल्व्ह उघडा ठेवला याचं कुणाला नवल वाटलं नाही. पंधरा दिवसांत बाग कोवळ्या नवतीने हिरवीगार झाली. फूल औषधालासुद्धा नाही. खुशालरावांनी देवमनकडून पाण्याचं काम काढलं आणि त्याला गुरांच्या चाऱ्याला लावलं. पाडव्यापासून येऊ नको, असंही सांगून टाकलं.

वर्षाली त्यानंतर कामाला लागली खरी, पण माझ्या पाठीवर थाप मारणं विसरली. जेवताना तिचं लक्ष नसे. किशोरभाऊंनी एकदा विचारलं, “काय झालं वं?” ती म्हणाली, “देवमनमामाचं वाईट वाटते.” त्यापलीकडे काही नाही. तिला माझ्यावर संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत मी आजारी पडलो. माझी डिस्क कुरकुरू लागली आणि एका दुपारी बंदच पडली. प्रोग्रॅमच्या प्रती दुसरीकडे ठेवलेल्या होत्या, ते वाचले. बाकी सगळं गेलं. नवी डिस्क बसली, एडिटर नव्याने टाकला, दोन्ही कंपायलर नव्याने आले. पण ती खोटी फाइल गेली ती गेलीच. वर्षालीने प्रोग्रॅम उघडला, तर पुन्हा अर्धं पान लाल.

त्या आठवड्यात कुंदन नांदगाव पेठेला एका कापड कारखान्यात नव्या कामासाठी गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. घाई नव्हती. वर्षालीने खोटी फाइल पुन्हा लिहायला घेतली, चार ओळी लिहिल्या आणि थांबली. मग स्वतःशीच म्हणाली, “याले माहीतच नाही तं विचारून राहिलो कायले?” तिने सेटिंग उघडली. माहिती शांतपणे वाचली. ती जागा, जी सव्वा वर्ष रिकामी होती, तिथे तिने चिपच्या कंपायलरचा पत्ता भरला. कुठली चिप आहे तेही लिहिलं. ते गुळगुळीत बटण दाबलं.

सगळ्या लाल रेघा एकदम मावळल्या. कुणाला गप्प करावं लागलं नाही. आणि स्वच्छ पानावर मधोमध एकच पिवळी रेघ उरली.

चाळीस गुणिले चोवीस गुणिले साठ.

वर्षालीने चाळीसचे वीस केले. रेघ गेली. बावीस केले. नाही आली. तेवीस केले. आली. पुन्हा बावीस, पुन्हा तेवीस. असं तिने सात-आठ वेळा केलं, आणि दर वेळी मी इमानाने रेघ मारली, पुसली, मारली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी सांगतलं ना मामाले, साफ हाये म्हणून,” ती म्हणाली. “मीच सांगतलं.” खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती माझ्याशीच बोलत होती.

दुरुस्ती अगदी सोपी होती. चाळीसच्या मागे एक अक्षर जोडायचं, की चिप मोठा आकडा धरायला मोठी जागा घेते. तिने जोडलं. रेघ गेली. पान पुन्हा स्वच्छ झालं. आता हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, तिला आणि मला सोडून.

तिसऱ्या दिवशी कुंदन परत आल्यावर तिने त्याला सांगितलं. तो घाबरलाच.

“दुरुस्त झालं ना आता? मंग कायले सांगतं? तेल्हाऱ्याच्या पंधरा डब्यांच्या ऑर्डरी हायेत हातात. सारे पळून जातीन.”

“देवमनमामाचं साल जाऊन राहिलं, कुंदन. पाडवा आला.”

“त्याले दुसरीकडे काम भेटन.”

“काम भेटन,” वर्षाली म्हणाली. “थो म्हणाला, मीच फिरवला असन. त्याले थेच खरं वाटून राहिलं असन आता.”

वर्षालीने मला उघडलं आणि एक गोष्ट केली, जी मी कुठल्याच प्रोग्रॅमरला करताना पाहिली नाही. तिने ते जोडलेलं अक्षर काढून टाकलं. दुरुस्त ओळ पुन्हा बिघडवली आणि पिवळी रेघ परत आणली. मग झाकण मिटलं, मला पिशवीत घातलं आणि परतवाड्याची एसटी पकडली. पुसून टाकलेली चूक ती कुणाला दाखवणार होती?

खुशालराव ओसरीवर बसले होते. वर्षालीने मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. एकदाही आवाज चढवला नाही, एकदाही कुंदनचं नाव घेतलं नाही. माझंही नाही. खुशालरावांनी वाकून ती रेघ पाहिली.

“गेलं थे गेलं,” ते म्हणाले. “बहार काई परत येत नाही. नवा सालदारही ठरला. आता कावून उकरतं?”

“मामा, तुमी देवमनमामावर नाही, माह्या बोलण्यावर भरोसा ठेवला. माहं बोलणं खोटं निघालं. आता तुमी सांगा, थो कसा दोषी?”

खुशालरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. “चाल,” म्हणाले.

देवमनचं घर गावाच्या कडेला. सत्यभामा दारात तूर पाखडत होती. मालक आलेले बघून ती सूप ठेवून उठली. देवमन आत होता. ती हळूच वर्षालीला म्हणाली, “काय सांगू माय, पार बदलला हा माणूस. रातच्याले चार खेपा उठते. कडी लावली का पाह्यते, चूल इझली का पाह्यते. म्हंते, माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला.”

मी पिशवीत होतो. तिथेच राहिलो असतो तर बरं, असं मला वाटलं.

देवमन बाहेर आला. वर्षालीने मला ओट्यावर ठेवलं, झाकण उघडलं, आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मामा, त्या दिवशी तुमी काईच चुकले नव्हते. माही डबी चुकली. हे पाहा.”

देवमन वाकला. त्याला वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसली. “हे पिवळं काय होय?”

“थे सांगून राहिलं, का अठी चूक हाये.”

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मलाच उत्तर विचारावं तसं बघितलं. “मंग तवा कावून नाही सांगतलं ह्यानं?”

वर्षालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. “म्या त्याले बरोबर विचारलं नव्हतं, मामा. आन् न विचारताच तुमच्यावर बोट ठेवलं.”

तो ओट्यावर बसला. आपले दोन्ही हात समोर धरून उलटे-सुलटे करून पाहू लागला, जणू कुणी उसने नेलेले परत आणून दिले होते. “म्हंजे म्या कॉक फिरवला नोता,” तो म्हणाला. मग सत्यभामेकडे वळून पुन्हा मोठ्याने म्हणाला, “ऐकलं का? म्या नोता फिरवला.”

खुशालराव उभेच होते. त्यांना माफी मागायची सवय नव्हती. ते म्हणाले, “पाडव्याले ये, देवमन. नव्या माणसाले मी सांगतो.” आणि मग, जरा थांबून, “चुकलंच माहं.”

नव्या माणसाला त्यांनी आपल्या धाकट्या भावाकडे ठरवून दिलं. देवमन बत्तिसाव्यांदा त्या घरी ठरला. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांनाही वर्षालीने फोन करून खरं सांगितलं. पंधरांपैकी सहा जण फिरले. नऊ जण राहिले.

मी थकलो होतो. वर्षालीने नवा लॅपटॉप घेतला, आणि मला इथे मोटारीच्या खोलीत आणून बसवलं. माझ्या पडद्यावर आता एकच काम. कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला बंद, ते मोठ्या हिरव्या-लाल ठिपक्यांनी दाखवायचं, म्हणजे देवमनला न वाचता कळेल. चाळीसच्या मागचं ते अक्षर तिने जागेवर बसवलं आहे. तरी इथून निघताना तिने माझ्या पाठीवर थाप मारली नाही, नुसता हात ठेवला. मला समजलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्या नव्या, चकचकीत यंत्रांवर कामं कराल. आमची धूळ पुसा, आम्हाला उन्हात टाकू नका, हे तर सांगायलाच नको. पण त्याहून एक काळजी जास्त घ्या. आम्ही “चूक नाही” म्हटलं, तर एकदा विचारा, तू हे कुणाला विचारून सांगतो आहेस? आणि आमच्या भरवशावर कुणा माणसाला खोटं ठरवण्याआधी थांबा. आमची डिस्क तरी बदलता येते.

देवमन रोज सकाळी येतो. दुपट्ट्याने माझा पडदा पुसतो, मग हसून विचारतो, “काय बाप्पा, आज काई पिवळं?” मी त्याला हिरवे ठिपके दाखवतो, सगळं ठीक आहे म्हणून सांगतो. तो मान डोलावतो, आणि तरी बाहेर जाऊन कॉकवर हात ठेवून येतो. थोडा पुढे जातो. पुन्हा माघारी वळतो, पुन्हा हात लावून बघतो. पूर्वी तो असं करत नव्हता.